पत्र्यामागचा चिखल

"पुन्हा नदीत घातलीस, तर जीप विकून टाकीन," असं बाबांनी लेकीला बजावलं होतं. जीप म्हणजे तिचा जीव की प्राण. आज अ‍ॅक्सल गंजलाय का, हे बघायला बाबांनी त्याखालचा संरक्षक पत्रा खोलला, आणि वरून लख्ख दिसणाऱ्या गाडीतून ओल्या चिखलाचं ढेकूळ धपकन पडलं.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आईशप्पथ बाबा, मी किल्लीला हातसुद्धा लावला नाही!"

"मग चिखल काय पायी चालत आला?" बाबांनी जीप विकत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

दारात उभी असलेली आई खाकरली.



"अहो, ठेवा तो फोन. मी चांगली धुऊनपुसून ठेवली होती. पत्र्यामागेही हात घालायचा असतो, हे मला कुणी सांगितलं होतं का?"