घरचं कलम

फवारणीच्या औषधाच्या तपासणीत नमुना पास झाला की गुरुप्रसादचा हापूस विमानाने परदेशी जाणार होता, आणि मग पालीपासून पूर्णगडपर्यंत त्याच्याशी बरोबरीने बोलायला कुणाची छाती झाली नसती. फळं प्रयोगशाळेत बागायतदारानेच आणून द्यायची होती. अशी सोय असताना बागेतली फळं देईल तो गुरुप्रसाद कसला! त्याने विहिरीजवळच्या घरच्या कलमाची दिली. त्या एका कलमाला फवारणी नव्हती. त्याचा आंबा घरात खायचा, बागेतला लोकांना विकायचा.

"नापास," तपासणी करणारी शमिका म्हणाली.

गुरुप्रसाद हसला. "मॅडम, मशीन फसलंय तुमचं. गराच्या रंगालाच औषध समजलं असेल."

"म्हणून तर रस आधी ह्यातून सोडतो, काका." तिने बोटाएवढी नळी उचलली. "आत प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती औषध तेवढं धरून ठेवतात. रंग, साखर, सगळं धुऊन जातं. अडकलेलं सोडवायचं आणि मोजायचं."

"आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत बसवा ही नळी! अहो, पण ह्या झाडाला फवारणीचा पंप लागलेलाच नाही."

"ह्या झाडाला? नमुना अख्ख्या बागेचा होता ना?"

गुरुप्रसादला खोकला आला. बागेचा राखणदार दादू दाराशी रिकामा क्रेट घेऊन उभा होता. तो म्हणाला, "लागलाय की, दादा. पंप विहिरीवरच धुतो ना मी. तळाला उरतं ते मारतो घरच्या कलमावर. तुम्हीच बोलता, थेंब फुकट घालवू नको."

"मेल्या, कधीपासून?"

"मोहोरापासून. म्हटलं, घरच्या झाडालाच कशाला उपाशी ठेवायचं?"

गुरुप्रसादने तिथूनच बायकोला फोन लावला. "विमला, घरचा आंबा कापू नको. ऋतिकाला तर मुळीच देऊ नको."

"आता सांगताय? पहिल्या बाळंतपणाला आल्यापासून पोर त्याच झाडाच्या कैऱ्या खातेय. बागेतलं औषधाचं नको, म्हणून मीच वेचून काढून देते."

विमान हुकलं ते गुरुप्रसादचं. बागेतला आंबा मुंबईला जाईल, त्याचे पैसेही येतील. किंमत मोजली ती दोघांनी. एकीने कैरीला तिखटमीठ लावून, चवीचवीने. आणि दुसऱ्याचं अजून बारसंही व्हायचं होतं.