मागच्या कुंपणातली फट

खुराड्यात कोपरापर्यंत हात घातला, पण आज हाताला कोंबडीही लागली नाही. गेले अकरा दिवस नुसती अंडी जात होती. नीलाबाईनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि अंगण झाडणाऱ्या सुनेकडं पाहिलं.

"आता कोंबडीबी गेली," ती म्हणाली.

दुर्गा झाडत राहिली.

ती साधीसुधी कोंबडी नव्हती. अस्सल असील जातीची, उंच मानेची, काळ्या पायांची. अतुलनं सिरोंच्याहून टोपलीत घालून आणलेली. पावसाळ्यात मर आली आणि गावातली खुराडी रिकामी झाली, तेव्हा नीलाबाईकडं ही एक कोंबडी आणि एक तांबडा कोंबडा तेवढे वाचले. अतुल मात्र वाचला नाही. पोळ्याच्या आधी ताप डोक्यात चढला आणि दोन दिवसांत नीलाबाईचा एकुलता एक लेक गेला. आता या कोंबडीला पिल्लं झाली तर लेकानं आणलेलं बेणं टिकणार होतं.

परसाचं कुंपणही त्यानंच विणलेलं. बांबू कमी पडले म्हणून मागच्या बाजूला हातभर फट राहिली. ती बुजवायला त्यानं आणखी बांबू तोडून आणले, कुंपणाबाहेर रचले आणि संध्याकाळी अंथरूण धरलं. त्या ढिगाला हात लावायचा नीलाबाईला अजून धीर झाला नव्हता. कुंपणाबाहेर त्या बाजूला ती फिरकतच नसे.

रानमांजरानं कोंबडी नेली असती तर पिसं तरी पडली असती. इथं पिसाचा पत्ता नव्हता. म्हणजे चोर दोन पायांचा होता, आणि घरात माणसं होती दोनच.

"अंडे तू इकले का?"

"नाई इकले, आत्या."

"खाल्ले?"

"नाई."

"मंग कुठी गेले? तुले ठाऊक हाये. सांग ना."

दुर्गाच्या हातातला झाडू थांबला. तिनं एकदा मागच्या कुंपणाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

नीलाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार दिवसांपूर्वी ती फटीत काट्या घालायला निघाली, तेव्हा हीच म्हणाली होती, इतक्यात नोका बुजवू, आत्या. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. माल याच फटीतून बाहेर जात होता, आणि नाल्यापलीकडं हिचं माहेर होतं.

या पोरीचं सगळंच उफराटं, असं नीलाबाईला वाटलं. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीबद्दल एकवीस दिवस कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, हा या घरचा नेम. नीलाबाईच्या सासूनं घालून दिलेला. लग्नाच्या वर्षी हिनं शेजारच्या मंगलीला सगळं सांगून टाकलं आणि नऊच्या नऊ अंडी सडली. नीलाबाईनं तेव्हा महिनाभर बोलून बोलून तिला रडवलं होतं. आणि नको तिथं तोंड चालवणारी ही पोर आज विचारलं तर मुकी.

"जाय तुह्या मायच्या घरी," नीलाबाई म्हणाली. "माह्या लेकाची एक कोंबडी राह्यली होती. तेबी तुले पाहावली नाई."

दुर्गानं झाडू भिंतीला टेकवला, पिशवी भरली आणि दीड कोसाची वाट धरली. त्याच दुपारी नीलाबाईनं आतूनच फटीत काट्यांच्या फांद्या कोंबल्या.

मग घर खायला उठलं. कोंबडा एकटाच अंगणात फिरे. भात दोघींचा शिजे आणि सकाळी अर्धा टाकावा लागे. केलं ते बरोबरच केलं, असं नीलाबाई मंगलीला येता-जाता सांगे. मंगली हो म्हणे. खरं तर दुर्गाची आठवण येत होती, आणि त्याचाच नीलाबाईला जास्त राग येत होता.

दुर्गा गेल्याच्या अठराव्या दिवशी सकाळी शेळ्यांनी फटीतल्या फांद्या ओढून काढलेल्या दिसल्या. कोंबडा फटीत मान घालून बाहेर निघायला बघत होता. तोही गेला म्हणजे सगळंच आटोपलं. नीलाबाईनं मन घट्ट केलं आणि अतुलचे बांबू आणायला ती वळसा घालून कुंपणाबाहेर गेली.

ढिगाशी ती वाकली आणि तशीच राहिली.

बांबूंच्या आडोशाला बोरीच्या काट्यांचं गुडघाभर उंचीचं कुंपण होतं. दाट, रानमांजराचं नाक शिरणार नाही असं. आत पाचोळ्यात असील कोंबडी पंख पसरून बसली होती. पोटाखालून एका अंड्याची कड दिसत होती. समोर नारळाच्या करवंटीत पाणी होतं. जुनं, हिरवं पडलेलं नव्हतं, स्वच्छ होतं. पळसाच्या पानावर मूठभर तांदळाची कणी उरली होती.

मागं पाचोळा वाजला. नाल्याच्या वाटेनं दुर्गा येत होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कणीची पुडी. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि ती थंडीनं काकडत होती. सासूला पाहून ती दचकली, पण थांबली नाही. जवळ येऊन खाली बसली, काट्यांतून हात घालून तिनं करवंटी भरली. हातावर कोपरापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही कालचे.

नीलाबाईला माफी मागायची होती, घरी चल म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

दुर्गानं घाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू नोका, आत्या," ती पुटपुटली. "अजून तीन दिवस हायेत."