जवाईबापूंचा पाहुणचार

नवागामच्या कबड्डी संघापायी धुडकू एक वेळ जेवण सोडेल, पण सामना सोडणार नाही. त्याचा जावई योगराज या संघाचा हुकमी चढाईपटू होता. पांडेसऱ्याच्या एका मिलनं त्याला नोकरी दिली आणि तो मिलकडून खेळायला लागला, तेव्हापासून सासरा त्याच्याशी धड बोलला नव्हता. उद्या याच दोन संघांची फायनल होती. आणि आज धुडकूनं आपणहून जावयाला आखाजीच्या सणाच्या जेवणाला बोलावलं.

मंगलाबाईनं खापरावर पुरणाचे मांडे भाजले. नवऱ्याचा राग गेला म्हणून ती खुशीत होती. तिला काय ठाऊक, सामना वजनी गटाचा आहे, जावई त्या गटात जेमतेम बसतो, आणि सकाळी मैदानात आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं.

"घ्या जवाईबापू, आमरसात बुडवून घ्या," म्हणत धुडकू वरून तुपाची धार सोडत होता. सासऱ्याचा आग्रह जावई कसा मोडणार? योगराज खात राहिला. घाम फुटला तरी खात राहिला. शेवटी धुडकूनंच तुपाची वाटी बाजूला ठेवली.

"बास आता, बापू. तब्येत बिघडंल."

योगराजनं पट्टा सैल केला आणि ताट सासूपुढे सरकवलं.

"अजून एक वाढा, मामी. नवागामविरुद्ध मी खेळत नाही, हे मिलला माझ्या तोंडून सांगता येत नाही. काट्यालाच सांगू द्या."