सातवा चौकोन

पोपडा निघाला तो तिच्याच नखाने.

फोटो काढताना तिचा एकच नियम असे. पडक्या वास्तूला हात लावायचा नाही; काळाने जे केलं तेवढंच टिपायचं. आज तिने तो मोडला, कारण ऊन सरकत होतं आणि पोपडा जागचा हलत नव्हता. हिरवा, तळहाताएवढा, कडेला केसभर उचललेला. तो गळला असता तर फोटो पूर्ण होणार होता. तिने काळाला थोडी मदत केली.

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागची ही भिंत तिला मागच्या रविवारी सापडली होती. विटलेले बारा रंगीत चौकोन, दोन ओळींत. तिने लगेच नाव ठेवलं, ‘विस्मृतीचं व्याकरण’. शाळेत अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला असं काही सुचावं, याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं. नवऱ्याला वाटलं नाही. घरातल्या ओलीला नाक मुरडतेस आणि लोकांच्या भिंतींपुढे गुडघे टेकतेस, असं तो म्हणाला. सासरी तिला ‘पोपडेवाली’ म्हणत. प्रदर्शनात एक फोटो लागला की ही तोंडं बंद होतील, अशी तिला आशा होती.

तिने फोटो काढला. अप्रतिम आला.

मागे सायकल थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले आणि पिशवीतून भिंग आणि जाड वही काढू लागले. आपण इथल्या प्रयोगशाळेत होतो, असं त्यांनी सांगितलं. हे चौकोन म्हणजे कुठला रंग उन्हापावसात किती टिकतो याची चाचणी. कारखाना बंद झाला, पण नोंदी बंद करा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते दर महिन्याला येत. अकरा चौकोनांनी कधीच मान टाकली होती. हिरवा सातवा तेवढा सव्वीस वर्षं तगून होता. तो रंग त्यांनी स्वतः घोटला होता, आणि साहेबांनी नापास केला होता.

बोलता बोलता त्यांनी सातव्यावर भिंग धरलं. मग हात खाली घेतला.

“गेला,” ते म्हणाले. “म्हणजे साहेबांचंच खरं.”

त्यांनी वही उघडली. तारीख, चौकोन, काय झालं, कारण. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ऊन, पाऊस, ऊन, ऊन. त्यांनी पेन टेकवलं.

ती गप्प राहिली तर फोटो प्रदर्शनात जाणार होता. बोलली तर ते काळाचं काम उरणार नव्हतं.

“काका, ऊन लिहू नका,” ती म्हणाली. “मी काढला तो. नखाने. फोटो चांगला यावा म्हणून.”

त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. ती बोलणी खायला तयार झाली.

“जोर लावावा लागला?”

“बराच. नख तुटलं.”

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनाची शाई उतरते का ते समासात पाहिलं, आणि कारणाच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं: कलाकार.