पानावर एक जण

“नऊ सेकंद,” दत्तप्रसाद म्हणाला. “माणूस पानावर येतो आणि नऊ सेकंदांत निघून जातो. मॅडम, आमच्या धंद्यात याला मेलेलं पान म्हणतात.”

डॉ. सत्यशीला निंबाळकरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शनिवार पेठेतलं हे मुलांचं हॉस्पिटल त्यांचं. त्याची वेबसाइट गुगलवर वर आणायचं काम दत्तप्रसादच्या कंपनीकडे होतं.

ऋतुजा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. ते मेलेलं पान तिनं लिहिलं होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावरचं तिचं पहिलंच काम. आज डॉक्टरबाईंनी दत्तप्रसाद सरांचं नवं पान पसंत केलं, तर तिची नोकरी जाणार होती. सरांनी येताना गाडीतच तसं सांगून ठेवलं होतं, तेही सिग्नलला थांबल्यावर, सहज.

लिहायच्या आधी ती दोन दिवस याच खोलीत, बाईंच्या टेबलावरच्या इमर्जन्सीच्या फोनशेजारी वही घेऊन बसली होती. घाबरलेली माणसं काय बोलतात, ते तिनं जसंच्या तसं उतरवून घेतलं. ‘बाह्य वस्तू गिळणे’ असं एकही आई म्हणाली नाही. सगळ्या म्हणाल्या, बाळानं सेल गिळला, काय करू. घड्याळातला, खेळण्यातला, गोळीएवढा बटन सेल. तेच तिनं पानाचं नाव ठेवलं. त्याखाली तीन ओळी. उलटी काढू नका. काही भरवू नका. निघा, आणि निघता निघता या नंबरवर फोन करा. बस्स. घरी नऊ महिन्यांची पोर जमिनीवरचं जे सापडेल ते तोंडात घालत होती. तिच्यावर एक डोळा ठेवूनच ते लिहून झालं. महिन्याभरात पान गुगलवर पहिलं आलं, कारण आया तेच शब्द टाइप करत होत्या.

“पहिलं येऊन उपयोग काय? लोक थांबले पाहिजेत.” दत्तप्रसादनं लॅपटॉप बाईंकडे वळवला. “म्हणून आज सकाळी मी पान बदललं. पानाचं नाव हिनं दिलेलंच ठेवलंय, तेवढं बरं आहे. आत अठराशे शब्द. सेलचे प्रकार, हॉस्पिटलचा इतिहास, तुमचा परिचय, आणि सगळ्यात शेवटी संपर्क.”

“माझा परिचय? पोरानं सेल गिळलाय आणि आई माझी पदकं मोजत बसणार?”

“त्यानं विश्वास बसतो, मॅडम. आणि माणूस थांबला की गुगललाही पान आवडतं.”

“गंमत आहे. माझ्याकडे लोकांना थांबावं लागलं की ते मला शिव्या देतात. तुमच्याकडे थांबले की पेढे.”

दत्तप्रसाद हसला, पण बोट स्क्रीनवरून हललं नाही. “हे बघा ना. आत्ता, या घटकेला पानावर एक जण आहे. मोबाईलवरून.”

स्क्रीनवर एकचा मोठा आकडा होता. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. एक तसाच.

“थांबलाय,” दत्तप्रसाद हलक्या आवाजात म्हणाला, गळाला लागलेला मासा बिचकू नये तसा.

तीन मिनिटं. ऋतुजाला वाटलं, आपलंच चुकलं असेल. तीन ओळी सांगून आपण आयांना हाकलूनच देत होतो. त्यांना टेकायचं असेल, नीट समजून घ्यायचं असेल. पोरीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा आपण नाही का मिळेल ते वाचत बसलो? तिच्या डोळ्यांसमोर एक बाई आली. भिंतीला टेकलेली, बाळ मांडीवर, शांतपणे एकेक ओळ वाचणारी. त्या बाईला तिची तीन ओळींची घाई नको होती.

“ऋतुजा, तुला काही म्हणायचंय?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “थांबतायत खरे लोक.”

“मग राहू दे हेच.”

दत्तप्रसादनं सुस्कारा सोडला. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पहिल्याच घंटीला बाईंनी उचलला.

“बोला… कधी?… किती महिन्यांचा?… नाही, उलटी काढू नका. पाणीसुद्धा नको. आहात कुठे? मंडईपाशी? मिळेल त्या रिक्षेत बसा आणि या. मी दारातच आहे.”

पुढे काही क्षण त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडची बाई रडत रडत काहीतरी सांगत होती. बाईंनी फोन ठेवला, दार उघडून थिएटर तयार ठेवायला सांगितलं आणि ॲप्रन चढवला.

“आपल्या पानावरूनच आला ना फोन?” दत्तप्रसाद उभा राहिला. “बघा, मॅडम. साडेचार मिनिटं वाचलं त्यांनी, आणि मग फोन केला.”

ऋतुजानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बाळ वेळेत पोचेल ना?”

“मंडई जवळच आहे. पोचेल,” बाई म्हणाल्या. दारात त्या क्षणभर थांबल्या आणि दत्तप्रसादकडे वळल्या.

“वाचत नव्हत्या हो त्या. नंबर शोधत होत्या.”