किनारीतली वाट

मागावरच्या गालिच्याच्या किनारीतला शेवटचा काळा धागा ठोकून बसवला आणि ग्लेनिबाच्या काळजात चर्र झालं. विणणारीचं मन गालिच्यात अडकू नये म्हणून किनारीतून पांढऱ्या धाग्याची वाट सोडतात. ती सोडायचीच राहिली होती.

घरात ती एकटी होती. तरी कुठूनशी लोकर पिंजल्याची खरखर येऊ लागली.

पूर्वेच्या दारातून लेक लोरीन आत आली. "आई, गॅलप गावचा व्यापारी खोळंबलाय. उतरवू गालिचा?"

"थांब, उसवायचाय," ग्लेनिबा म्हणायला गेली, पण आवाज फुटेना.

लोरीन तिच्याशी बोलतच नव्हती. गालिच्याच्या आतून, धाग्यांच्या फटीतून ग्लेनिबाला शेगडीपाशी लोकर पिंजणारी बाई दिसली. अंगात ग्लेनिबाचंच मखमली पोलकं, चेहराही तिचाच.

"उतरव पोरी," ती बाई म्हणाली. "आणि घट्ट गुंडाळ."