सोमवारचं मौन

‘मौन धरलं की दिवे लागेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत,’ असं सासूबाईंनी बजावलं होतं. ते मी आजवर पाळत आले, त्यामुळे रुग्णालयाच्या औषधखोलीत माझा सोमवार सगळ्यांना पाठ आहे.

काल एका बाळंतिणीची आई माझे हात धरून रडली होती. "ताई, लेक तापाने फणफणलीय. इंजेक्शन उद्या नक्की मिळेल ना हो?" मी शब्द दिला. आज इंजेक्शनांची एकच पेटी आली आणि मोठ्या साहेबांनी ती माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पिशवीत टाकली.

"काकू, तुमचं मौन म्हणजे आमची चांदी," ते हसले. "तुम्ही संध्याकाळी बोलायला लागाल, तोवर ही कुठच्या कुठे पोचलेली असेल."

ती आई दाराबाहेर भिंतीला टेकून वाट बघत होती. मी मनात देवाचा धावा केला आणि साहेबांसमोरच पिशवीत हात घालून पेटी बाहेर काढली.

"अहो काकू! कुणाला विचारून घेताय?" साहेब ओरडले.



दाराबाहेरची माणसं वळून बघू लागली, तसं साहेबांनीही मौन धरलं. मी पेटी छातीशी धरून वॉर्डाकडे निघाले.